शेअर बाजारावर समाजशास्त्रातून संशोधन करायचंय? मुंबईत सुरुवात अशी करा

‘शेअर बाजारावर संशोधन करतोय’ असं मुंबईत कुठंही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग सध्या काय घेऊन ठेवू?’ लग्नात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे हेच. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल आणि नसल्याची खंतही नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. भाव वर जाईल की खाली, याच्याशी या शाखेला फारसं देणंघेणं नाही. तो भाव पडद्यावर आला कसा, कुणाच्या बोटाने आला, कोणत्या सूत्रावर भरवसा ठेवून आला, गडबड झाली तर निस्तरायला कोण बसतं, हे तिचे प्रश्न.

‘सोशल स्टडीज ऑफ फायनान्स’ या नावाने ही शाखा साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. पॅरिसचे मिशेल कॅलाँ, एडिंबराचे डोनाल्ड मॅकेन्झी, जर्मनीत शिकवणाऱ्या कारिन क्नोर-सेटिना ही सुरुवातीची नावं. तिघंही मूळचे विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे अभ्यासक. प्रयोगशाळेत ज्ञान कसं घडतं ते पाहून झाल्यावर त्यांनी तीच नजर डीलिंग रूमकडे वळवली. म्हणून या शाखेत माणसांइतकंच पडद्याला, केबलला, कॅल्क्युलेटरला आणि छापील तक्त्याला महत्त्व असतं. वाणिज्य किंवा अर्थशास्त्रातून येणाऱ्यांना हे आधी विचित्र वाटतं. समाजशास्त्रातून येणाऱ्यांना यंत्राची धास्ती वाटते. दोन्ही जाते.

पहिली पायरी: एका माणसाची कारकीर्द नीट वाचा

वाचनाची लांबलचक यादी मागू नका. आधी एकच संशोधक घ्या आणि त्याने चाळीसेक वर्षांत काय काय केलं ते क्रमाने बघा. माझी शिफारस मॅकेन्झी. हा माणूस गणिताचा पदवीधर. आधी ब्रिटनमधल्या संख्याशास्त्राचा सामाजिक इतिहास, मग अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांची अचूकता, मग संगणकावर विसंबून दिलेल्या सिद्धता, मग ऑप्शनचा (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचा) बाजार, मग सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात सौदे करणाऱ्या कंपन्या, आणि अलीकडे ऑनलाइन जाहिराती. वरवर पाहिलं तर हा सारखा विषय बदलणारा माणूस. पण प्रश्न तोच राहिलेला दिसतो: एखादा तांत्रिक आकडा विश्वासार्ह कधी ठरतो, आणि कुणाच्या लेखी? तुमच्या प्रस्तावातही असा एक प्रश्न हवा, जो विषय हातचा गेला तरी उरेल. मुंबईत विषय हातचा जातो. ऑफिस हलतं, नियम बदलतो, ज्याने आत घेतलं तो नोकरी सोडतो.

मॅकेन्झींनी सांगितलेली ऑप्शनची हकीगत या शाखेत सगळ्यांना पाठ असते, तुम्हीही करून ठेवा. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. सुरुवातीला बाजारातले भाव आणि सूत्रातून निघणारे भाव जुळत नव्हते. मग फिशर ब्लॅकनी सैद्धांतिक किमतींचे छापील तक्ते विकायला सुरुवात केली. सौदे करणारे ते कागद घेऊन फ्लोअरवर उभे राहू लागले, सूत्राच्या तुलनेत महाग ते विकू लागले, स्वस्त ते घेऊ लागले, आणि भाव हळूहळू सूत्राजवळ सरकले. म्हणजे सूत्राने बाजाराचं वर्णन केलं, तेवढंच नाही. सूत्र वापरलं गेलं म्हणून बाजार तसा झाला. पुढे १९ ऑक्टोबर १९८७ ला बाजार कोसळला आणि त्यानंतर भाव सूत्रापासून पुन्हा लांब गेले, ते तसेच राहिले. १९९७ मध्ये शोल्स आणि याच सूत्रावर काम केलेले रॉबर्ट मर्टन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे दोघे ज्या फंडात भागीदार होते, तो लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी बुडण्याच्या बेताला आला.

आता एनएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्याच्या निर्देशांकाची, म्हणजे निफ्टीची, ऑप्शन चेन (ऑप्शनच्या भावांचा तक्ता) उघडा. मधे स्ट्राइक प्राइस (हक्क वापरायचा ठरलेला भाव), डावीकडे कॉल (घेण्याचा हक्क), उजवीकडे पुट (विकण्याचा), आणि दोन्हीकडे ‘आयव्ही’ नावाचा, म्हणजे भाव किती हलेल याच्या अंदाजाचा, रकाना. बाजारातला भाव सूत्रात उलटा घालून तो आकडा निघतो. सूत्राची गृहीतकं तंतोतंत खरी असती, तर एकाच एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या तारखेच्या) सगळ्या स्ट्राइकना तो सारखा दिसला असता. तसा तो दिसत नाही. तरी लाखो लोक रोज तो रकाना बघून निर्णय घेतात. ज्या सूत्रात पूर्ण बसत नाही असं बाजारालाच माहीत आहे, त्याच सूत्राच्या भाषेत बाजार बोलतो. पहिल्या सेमिनारला एवढं एक पान पुरतं.

दुसरी पायरी: थोडं तांत्रिक शिका, पण मोजकं

एनआयएसएम ही सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, स्थापन केलेली संस्था डीलर लोकांसाठी, म्हणजे ग्राहकांचे सौदे टाकणाऱ्यांसाठी, प्रमाणपत्र परीक्षा घेते. इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची सिरीज आठ देऊन टाका. अभ्यासाचं पुस्तक त्यांच्याच साइटवर मिळतं. या परीक्षेने तुम्ही ट्रेडर होत नाही, व्हायचंही नाही. पण मार्जिन, एक्स्पायरी, पे-इन, लॉट साइझ हे शब्द समोरच्याला थांबवून विचारावे लागत नाहीत. शिवाय डीलरला कळतं की त्याने जी रट्टा मारून दिली तीच परीक्षा तुम्हीही दिली आहे. पुष्कळ ठिकाणी ओळखपत्रापेक्षा याचा उपयोग जास्त.

गुजराती ऐकून समजेल इतकी शिका. बाजाराचा मोठा भाग अजून गुजराती-मारवाडीत बोलतो, आणि मुंबई समाचारसारखं १८२२ पासून चालू असलेलं वर्तमानपत्र याच शहरात आहे. जुन्या बाजाराचा इतिहास करायचा तर वाचताही यायला हवी.

तिसरी पायरी: प्रवेश, पैसा, गाईड

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात. त्यातून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडे भत्ता. ती नाही मिळाली तर आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप बघा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या गटांसाठी आहेत; जाहिरात आणि जात पडताळणीची तारीख हुकवू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, आणि किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क.

मुंबईत जागा बऱ्याच आहेत, स्वभाव वेगवेगळे. कलिन्याचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था फील्डवर्कला सरावलेली. पवईत आयआयटीचा मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचा विभाग आहे, तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासाची भाषा चटकन समजली जाते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने उभी केलेली; तिथे गणित कच्चं असून चालणार नाही. ‘फायनान्सवर काम केलेला गाईड’ शोधत बसू नका. तुम्हाला वर्षभर एका ऑफिसच्या कोपऱ्यात बसू देईल आणि मधेच ‘प्रश्नावली कुठे आहे?’ असं विचारणार नाही, असा गाईड शोधा.

चौथी पायरी: दलाल स्ट्रीट बघून या आणि मग विसरा

एक सकाळ फोर्टात घाला. एशियाटिकच्या पायऱ्यांसमोर उभे राहा. १८५० च्या दशकात दलाल इथेच टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. त्या काळचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीचा, नाव त्याच्या आईचं. दलालांची संघटना १८७५ मध्ये बांधली गेली, तीच पुढे बीएसई.

आता जीजीभॉय टॉवर्ससमोर या. बैल आहे, फोटो काढणारे आहेत, वडापाव आहे. आत रिंग नाही. ओरडून, हातवारे करून होणारे सौदे १९९५ मध्ये पडद्यावर गेले, त्याच्या आदल्याच वर्षी एनएसई सुरू झाली होती. बाजार आज बीकेसीतल्या सर्व्हरच्या मांडण्यांवर आहे आणि तिथे तुम्हाला कुणी सोडणार नाही.

पाचवी पायरी: मागच्या दाराने आत जा

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. नवखे संशोधक फंड मॅनेजरच्या मागे लागतात. महिनोन्महिने ईमेल, शेवटी काचेच्या खोलीत वीस मिनिटं, आणि त्यात तेच ऐकायला मिळतं जे तो टीव्हीवर फुकट सांगतो. त्यापेक्षा ठाणे, डोंबिवली, विरार, लालबाग इथल्या छोट्या ब्रोकिंग ऑफिसात जा. कागदोपत्री आता त्यांना ऑथोराइज्ड पर्सन म्हणतात, लोक अजून सब-ब्रोकरच म्हणतात. तिथे डीलर आणि बॅक ऑफिसमधली माणसं पुष्कळदा मराठी असतात, बोलतात, आणि कामाचं कुणी विचारत नाही म्हणून विचारलं की मनापासून सांगतात.

काय बघायचं? एक नमुना देतो. फोन वाजतो. ‘बोला काका.’ काकांना एका बँकेचे पन्नास शेअर हवेत. डीलर एफवन दाबतो, निळी खिडकी उघडते. एफटू दाबली असती तर विक्रीची लाल. ‘बाजारभावाने घेऊ की लिमिट लावू?’ ‘लिमिट लाव रे, दोन रुपये खाली.’ ‘खाली मिळणार नाही काका, खरेदीवाले जास्त दिसतायत.’ पडद्यावर खरेदीचे पाच आणि विक्रीचे पाच भाव दिसतात, काकांना फोनवर तेही दिसत नाहीत. थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. ‘बरं, एक रुपया खाली लाव.’ डीलर नाव, संख्या, भाव मोठ्याने परत म्हणतो, कारण फोन रेकॉर्ड होतो आणि ग्राहकाने खरंच सांगितलं होतं याचा पुरावा ठेवावा लागतो.

आता वहीत लिहा. तो ‘एक रुपया खाली’ हा भाव कुणाचा? काकांचा, डीलरचा, की पाच ओळींच्या त्या पडद्याचा? आणि मोठ्याने म्हणणं हे सेबीसाठी, काकांसाठी की डीलरच्या स्वतःच्या संरक्षणासाठी? न्यूयॉर्कच्या एका ट्रेडिंग रूमवर डॅनियल बेउन्झा आणि डेव्हिड स्टार्क यांनी असंच बारीक काम केलं: कुठलं टेबल कुणाच्या शेजारी आहे, कोण कुणाचं बोलणं सहज ऐकतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर तीच माणसं न्यू जर्सीतल्या तात्पुरत्या खोलीत पुन्हा कशी बसली, हेही त्यांनी नोंदवलं. डोंबिवलीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात टेबलं कमी, पण प्रश्न तोच.

मग आतल्या खोलीत जा. तिथे बॅक ऑफिस. तिथल्या ताईंना दिवसभर ‘ओटीपी आला नाही’ असे फोन येतात, कारण सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी (सौद्याच्या तारणासाठी) शेअर गहाण टाकायचे तर ग्राहकालाच ओटीपीने मान्यता द्यावी लागते. ग्राहक सत्तरीचे, मोबाइल नातवाकडे. जानेवारी २०२३ च्या अखेरीस सगळे शेअर टी प्लस वनवर आले, म्हणजे सौद्याची देवघेव दुसऱ्याच दिवशी पूर्ण. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. एक दिवस वाचला तो नेमका कुणाच्या कामाच्या वेळेतून वाचला, हा पीएचडीचा विषय आहे. चांगला विषय आहे.

याच ऑफिसातून इतिहासाकडेही वाट जाते. निवृत्त झालेले क्लार्क शोधा. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा येऊन डिमॅट सुरू होण्याआधी कागदी सर्टिफिकिटं होती, ट्रान्स्फर डीड होतं, सही जुळली नाही की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून गठ्ठा परत. सही जुळते की नाही हे कुणी, कशावरून ठरवायचं? २००१ मध्ये कायमचा बंद झालेला बदला त्यांना तोंडपाठ असतो. सौदा पूर्ण न करता पुढच्या खेपेला ओढायचं ते तंत्र कुठल्याही पुस्तकापेक्षा ते नीट समजावतात. गिरगाव-दादरच्या घरांतून यूएस-६४ या युनिट ट्रस्टच्या योजनेचा विषय काढून बघा. जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री थांबवली होती. सरकारी म्हणून डोळे झाकून ठेवलेल्या पैशाबद्दल आजोबा-आजी आजही ज्या आवाजात बोलतात, तो कुठल्या सर्व्हेत सापडणार?

शेअरच हवेत असंही नाही. भिशी, पतपेढी, सोनेतारण, चाळीतला उसनवारीचा हिशेब हा सगळा फायनान्सच आहे. फक्त भिशीवर लिहिताना ‘बायकांची बचतीची सवय’ असला गोड सूर लावू नका. लिलाव कसा लागतो, हप्ता चुकला तर वहीत काय चढतं, वही कुणाच्या घरी राहते, ते लिहा.

सहावी पायरी: कागदपत्रं, जी फुकट पडून आहेत

परवानगी येईपर्यंत घरी बसू नका. सेबीचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर खुले आहेत आणि कादंबरीसारखे वाचता येतात: कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या मिनिटाला सौदा झाला, सगळं. एनएसईच्या को-लोकेशन (ब्रोकरचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या) प्रकरणातला सेबीचा एप्रिल २०१९ चा आदेश आणि त्यावरच्या अपिलातला सॅट या न्यायाधिकरणाचा जानेवारी २०२३ चा निकाल शेजारी ठेवून वाचा. ‘सर्वांना समान संधी’ म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नेमकं काय, यावर दोन्हीकडे केवढा खल झालाय ते दिसेल.

वायद्याचा इतिहास करायचा तर माग असा लागतो: १९६९ ची बंदी, तिला वळसा घालून टिकलेला बदला, १९९८ चा एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल, १९९९ ची कायद्यातली दुरुस्ती, जून २००० मध्ये सुरू झालेले निर्देशांकाचे फ्युचर्स. कालपर्यंत सट्टा म्हणून हिणवलेली गोष्ट ‘जोखीम व्यवस्थापन’ कशी झाली, याचा पुरावा या कागदांत ओळीओळीने आहे. आणि मग सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास घ्या: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफअँडओत, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. हा आकडा उद्धृत करून थांबू नका. तो डीलरला दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आपण उरलेल्या सातांत आहोत, असं मानणारे किती भेटतात ते बघाच.

जुन्या कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिकचं ग्रंथालय आहेच. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार मात्र पुण्यात आहे; आधी पत्रव्यवहार करून मगच डेक्कन क्वीनचं तिकीट काढा.

सातवी पायरी: आत बसताना स्वतःला सांभाळा

मालकाचं लेखी पत्र घ्या, तोंडी ‘या, बसा’ पुरत नाही. ग्राहकाचं नाव, क्लायंट कोड, पॅन यातलं काहीही वहीत नको, फोटोत तर मुळीच नको. पडद्याचे फोटो काढायची सवयच लावून घेऊ नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. एखाद्या कंपनीबद्दल जाहीर न झालेली, भावावर परिणाम करू शकणारी माहिती तुमच्या कानावर पडली आणि तुम्ही तो शेअर घेतलात, किंवा भावाला सांगितलंत, तर सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत तुम्ही सापडू शकता. ‘मी तर संशोधक’ ही सबब तिथे चालत नाही. फील्डवर्क चालू असेतो स्वतः ट्रेडिंग करू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. यावर वाद आहे. कॅटलिन झालूम शिकागोच्या बाजारात क्लार्क म्हणून राबल्या, कॅरन हो यांनी आधी वॉल स्ट्रीटवरच्या बँकेत नोकरी केली आणि कपातीत ती गेलीही. आत शिरून काम करणं वेगळं आणि स्वतःचे पैसे लावणं वेगळं. पैसे लावले की वहीतल्या नोंदी आपोआप आपल्या पोझिशनच्या बाजूने झुकतात.

लिहिणं आणि नोकरी

पहिला लेख इंग्रजीत ईपीडब्ल्यू या साप्ताहिकासाठी करा, हे सगळेच सांगतील आणि ते बरोबरही आहे. त्याच मजकुरातला एक तुकडा समाज प्रबोधन पत्रिकेसारख्या मराठी नियतकालिकालाही द्या. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना तो वाचता येतो, आणि वाचून ते चुका दाखवतात. ‘अहो, मार्जिन कॉल असा नसतो’ ही टिप्पणी कुठल्याही रेफरीपेक्षा उपयोगी.

नोकरीचं चित्र गुलाबी नाही. सेट किंवा नेट असूनही बहुतेकांची सुरुवात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. सकाळी कॉलेज आणि बाजार सव्वानऊ ते साडेतीन, त्यामुळे दोन्ही एकत्र जमत नाहीत. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, डीलरच्या मुलाखती साडेतीननंतरच ठेवा, त्या वेळी तो चहा घेत असतो आणि दिवसाचा राग ताजा असतो. एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे सध्या निफ्टीसाठी मंगळवार आणि सेन्सेक्ससाठी गुरुवार, मुलाखत मागू नका, नुसते बसा. दुसरा तोडगा म्हणजे कमॉडिटी. एमसीएक्सवर सोनं-चांदी, क्रूड रात्री साडेअकरापर्यंत चालतं, अमेरिकेत घड्याळं मागे केलेली असली की आणखी थोडं पुढे. त्या वेळी ऑफिसात गर्दी कमी असते, डीलर कंटाळलेला असतो आणि बोलायला तयार असतो. परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ मात्र आधी बघून ठेवा.